तिसरा भाग, बाविसावं मिनिट

खोटं बोलायला मला जेमतेम दोन सेकंद लागले. ते कबूल करायला पाच दिवस लागले, आणि तेही मी आपणहून केलं असं कुणी समजू नये.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळतो. चाळीस यंत्रं, त्यातली निम्मी माझ्या नोकरीइतकी जुनी, आणि सगळ्यांवर लिनक्स. लिनक्स म्हणजे यंत्र चालवणारी अशी प्रणाली की जी कुणाच्या बापाची नाही. फुकट मिळते, उघडून बघता येते, हवी तशी बदलता येते. आपण विकत घेतलेलं यंत्र आपल्याच मालकीचं असावं, एवढंच माझं म्हणणं. पण ते मी दवाखान्याच्या रांगेत, जिन्यात, लिफ्टमध्ये, कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना ऐकवत आलोय. म्हणून घरात मला ‘तज्ज्ञ’ म्हणतात. हे नाव भावजींनी ठेवलं. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी कधी तपासायला गेलो नाही.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बूट शिवतात आणि दुरुस्तही करतात. त्यांच्या दुकानात दारापासून त्यांच्या बसायच्या जागेपर्यंत एक लाकडी फळी टाकलेली आहे, सात-आठ पावलांची. गिऱ्हाइकाने यायचं ते त्या फळीवरूनच. भावजी मान खाली घालून हातातलं काम करत राहतात, आणि गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की वर न बघताच म्हणतात, “टाच बाहेरून झिजलीय. आणि गुडघा दुखतो का हो हल्ली?” माणूस चाट पडतो. बूट काढून द्यायच्या आधीच रोगाचं निदान झालेलं असतं. या माणसाचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेलेला. चाळीस वर्षं हा सगळा कारभार एकट्या डाव्या कानावर चालला होता.

त्या डाव्या कानात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ काढावीच लागेल, आणि ती काढताना ऐकू येणं राहील की जाईल हे आधी सांगता येणार नाही. ऑपरेशन सोमवारी सकाळी, दाखल व्हायचं रविवारी दुपारी.

बुधवारी मला भाचीचा फोन आला. भावजींची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी दुकानातले मोठमोठे बूट घालून दिवसभर त्या फळीवर चालायची, म्हणून तिचं नाव पडलं टकटक. आता ती दुसऱ्या शहरात असते आणि सिनेमांना, मालिकांना पावलांचे आवाज देते. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज चित्रीकरणात नीट मिळत नाही. मग ही बंद खोलीत पडद्याकडे बघत, कधी वाळूवर, कधी फरशीवर, त्या माणसाच्या चालीने चालते आणि तो आवाज टिपला जातो. भावजींना हा धंदाच मान्य नाही. “माणूस चालला की आवाज होतोच. त्याला वेगळा पगारी माणूस कशाला?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती अकरा वर्षं हे काम करतेय आणि त्यांनी तिचं एकही काम ऐकलेलं नव्हतं. दिवसभर कान वापरून आलेला माणूस, घरी टीव्ही लावला तरी आवाज बंद करून बसायचा. टकटक यावर हसायची. मामा असल्यामुळे मला माहीत होतं की त्या हसण्यात फारसा दम नसायचा.

“मामा, शुक्रवारी माझी नवी मालिका येतेय,” ती म्हणाली. “सगळे भाग एकदम. तिसऱ्या भागात बाविसाव्या मिनिटाला एक माणूस वीस वर्षांनी आपल्या घराचा जिना चढतो. बोलणं नाही, संगीत नाही, चार मजले नुसती पावलं. ती पावलं बाबांच्या बुटांची आहेत.”

“म्हणजे?”

“दुकानात एक जोड कित्येक वर्षं पडून होता. गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही. मागच्या वर्षी मी तो गुपचूप उचलून आणला. बाबांनीच शिवलेला. त्यांना काही सांगू नकोस. नुसतं लाव, आवाज मोठा ठेव, आणि ओळखतात का बघ.” मग जरा थांबून म्हणाली, “सोमवारच्या आत, मामा. मला रविवारी रेकॉर्डिंग आहे. मी येईन तोवर त्यांना आत नेलेलं असेल.”

तेवढाच तुकडा पाठवून दे म्हटलं, तर तसं करता येत नव्हतं. एक सेकंदही बाहेर गेला तर नोकरी गेली. तिने मला तिच्या खात्याचा पासवर्ड दिला आणि विचारलं, “जमेल ना?”

“अगं, हातचा मळ आहे,” मी म्हणालो.

आता त्या मळाबद्दल. दोन वर्षांपूर्वी ताई नवा टीव्ही घ्यायला निघाली होती, इंटरनेटवरचं सगळं आपोआप दाखवणारा. मी तिला दुकानाच्या दारातून परत आणली. “तो टीव्ही तू त्याला बघण्यापेक्षा तोच तुला जास्त बघेल,” असं काहीतरी चटपटीत बोललो, आणि त्यांच्या जुन्या टीव्हीच्या पाठीला पत्त्यांच्या कॅटएवढा एक बोर्ड चिकटवून दिला. अख्खा संगणक त्या बोर्डावर. त्यात एआरएम जातीची चिप, फोनमध्ये असते तशी. वीज कमी खाते, तापत नाही, पंख्याची घरघर नाही. वर अर्थातच लिनक्स आणि एक ब्राउझर. ताईला जुनी गाणी आणि शिवणाचे व्हिडिओ लागायचे, ते सगळं त्यावर सुरळीत चालायचं. “बघ, काय अडलं?” असं मी दर भेटीत विचारायचो. काही अडत नव्हतं. ताईकडे साधा बटणांचा फोन, माझ्याकडेही तत्त्वासाठी तसलाच, भावजींकडे तोही नाही. त्या घरात पडदा म्हणाल तर तो एकच, आणि तो माझ्या ताब्यात.

शुक्रवारी संध्याकाळी मी जाऊन तपासणी केली. मालिकेची झलक लावली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. मी खूश होऊन निघालो. वाटेत फाटकाशी ताईला म्हणालो, “उद्या चार वाजता भावजींना दुकान बंद करायला लाव. एक गंमत दाखवायचीय.”

वीस वर्षं संगणकात घालवलेल्या माणसाने झलक चालली म्हणून मालिका चालेल असं धरून चालावं, हे लिहितानाही मला लाज वाटते. झलक ही जाहिरात असते, ती सगळ्यांसाठी उघडी. मालिकेला कुलूप असतं. ते उघडायला ब्राउझरमध्ये एक खास भाग लागतो. तो बनवणारी कंपनी तो मोठ्या संगणकांसाठी देते, फोनसाठी देते, पण एआरएम चिपवर लिनक्स चालवणाऱ्या माझ्यासारख्या चार डोक्यांसाठी सरळ देत नाही. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. कुलूपवाल्या गोष्टी आपण बघतच नाही, अशा गुर्मीत मी ते विसरलो होतो.

शनिवारी चारला भावजी खरंच दुकान बंद करून आले. शनिवार हा गर्दीचा वार, पण ताईने सांगितलं म्हणून आले. हात धुतले, टीव्हीसमोर डावा कान पुढे येईल असे तिरके बसले. ताई शेजारी. मी तिसरा भाग काढला, आवाज मोठा केला आणि ऐटीत बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मधोमध एक ओळ आली. हा व्हिडिओ संरक्षित आहे, तुमच्या ब्राउझरवर चालू शकत नाही.

मी परत दाबलं. बोर्ड बंद करून चालू केला. काय झालंय हे कळलेलं असूनही मी वायर हलवून बघितली, तीही दोनदा. ताई बघत होती.

“काय झालं रे?”

“काही नाही. नेट हळू आहे.”

“मग खालच्या मास्तरीणबाईंकडे जाऊ या ना. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे, सगळं लागतं. त्या घरीच आहेत.”

इथे हो म्हटलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. एक जिना उतरायचा, पासवर्ड टाकायचा, पाच मिनिटांचं काम. पण मास्तरीणबाई म्हणजे त्याच बाई, ज्यांना मी मागच्या वर्षी त्यांच्याच घरी चहा पिताना, त्यांचा टीव्ही म्हणजे पैसे देऊन आणलेला हेर आहे असं अर्धा तास पटवून दिलं होतं. त्यांच्या दारात आता मी हात जोडून उभा राहणार? “नको,” मी म्हणालो. “त्यांना कशाला त्रास.”

भावजी म्हणाले, “काय तज्ज्ञ, दाखवणार काय होतास?”

“गंमत होती एक. ऑपरेशननंतर बघू.”

“नंतर बघता येईलच. डोळे शाबूत आहेत.” ते हसले. मग त्यांनी मान वळवून तो कान माझ्याकडे केला आणि विचारलं, “ऐकण्यासारखं नव्हतं ना काही?”

त्या प्रश्नात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. गेला आठवडाभर ते मुद्दाम एकेक गोष्ट ऐकून घेत होते, हे मला ताईने सांगितलेलं होतं. सकाळी उठून नळाचा आवाज. ताईच्या बांगड्या. दुकानाची फळी. माणूस प्रवासाला निघताना पिशवी भरतो, तसं चाललं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “तसं काही नव्हतं.”

हेच ते दोन सेकंद.

बोर्ड दुरुस्त करतो म्हणून मी तो टीव्हीच्या पाठीवरून उचकटला आणि खिशात घालून बाहेर पडलो. घरी पोचतो न पोचतो तोच टकटकचा फोन.

“मामा! ऐकलं का बाबांनी?”

इथेही संधी होती. नाही म्हणायचं, माझा बोर्ड चालला नाही म्हणायचं, तिने स्वतःच मास्तरीणबाईंना फोन करून दहा मिनिटांत सगळं जमवून आणलं असतं. पण तिच्या आवाजात अकरा वर्षं होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे, सांगायला शरम वाटते, पण माझ्या डोळ्यांपुढे माझंच तोंड होतं, तोंडघशी पडलेलं.

“ऐकलं,” मी म्हणालो.

“काय म्हणाले?”

काहीतरी सांगणं भाग होतं. भावजी दहातल्या आठ गिऱ्हाइकांना जे सांगतात, तेच मी पुढे केलं. “म्हणाले, डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलीय.”

पलीकडे काही ऐकूच येईना. मला वाटलं, पकडलो गेलो. आणि खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. मग ती हसत होती की रडत होती ते कळेना.

“डावाच! मामा, डावाच आहे तो! मी मुद्दाम तसाच ठेवला होता, टाच बदलू दिली नाही. सगळे आवाज जुळवणाऱ्या मिक्सिंगवाल्यांना पण कळलं नव्हतं. बाबांना एका झटक्यात?” मग ती हळूच म्हणाली, “आणखी काय म्हणाले? माझ्याबद्दल काही?”

एकदा घसरलेला माणूस मध्येच थांबत नाही. “म्हणाले, पोरीला कान आहे.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. ज्या माणसाने हे कधी म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडी मी ते घालून मोकळा झालो होतो. आणि ते तिला इतकं आवडलं होतं की आता परत मागून घेण्याची सोय उरली नव्हती.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. “दवाखान्यात सोबत येतोस ना?” मी कॉलेजात तातडीचं काम निघालंय म्हणालो. काम होतं, पण ते माझ्या जेवणाच्या टेबलावर पडलेलं होतं. तो बोर्ड सुरू करायचा, चालवून दाखवायचा, मग जे काही बोलायचं ते बोलता येईल, असा माझा हिशोब होता. आधी यंत्र, मग माणसं. माझं आयुष्यभर हेच चाललंय.

करायचं काय, ते माझ्यासारख्या लोकांनी आपापसात कधीच लिहून ठेवलंय. एआरएम चिपचे काही स्वस्त लॅपटॉप येतात, त्यांच्या प्रणालीत तो कुलूप उघडणारा भाग असतो. ती प्रणाली उतरवून घ्यायची, त्यातून तेवढी एक फाईल बाहेर काढायची, आपल्या ब्राउझरच्या फोल्डरात ठेवायची आणि ब्राउझरला तिची ओळख करून द्यायची. मी दहा वाजता बसलो. अकराला फाईल जागेवर होती आणि ब्राउझर उघडताक्षणी बंद पडत होता. दोन तास मी ब्राउझरला शिव्या घातल्या. मग कळलं की माझी प्रणाली मेमरीचे तुकडे मोठे पाडते आणि त्या फाईलला ते लहान लागतात. ते बदललं. तरी मालिकेची साइट ऐकेना. ती आधी विचारते, तू कोण? ब्राउझर प्रामाणिकपणे सांगायचा, एआरएमवरचं लिनक्स, आणि साइट दार लावून घ्यायची. तेव्हा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्याला शिकवलं की विचारलं तर सांग, मी तो लॅपटॉप आहे. माझ्यासारख्या गुरूला हे शिकवायला कितीसा वेळ लागणार?

साडेचारला चित्र हललं.

मी हेडफोन लावले आणि बाविसाव्या मिनिटावर गेलो. मला आवाजातलं काही कळत नाही. पण पहिला मजला तो माणूस भरभर चढला, दुसऱ्यावर पावलं जड झाली, तिसऱ्यावर थांबली. नुसता श्वास. मग एक पाऊल, आणि त्याच्यामागून डावी टाच जराशी घासत आली, जणू वर जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. चौथ्या मजल्यावर तो दाराशी उभा राहिला आणि बुटांच्या चामड्याचा बारीक कर्र असा आवाज आला. मला रडू फुटलं. त्या माणसासाठी नव्हे. कुणाला काय ऐकवायचं मी चुकवलं होतं, ते मला त्या मिनिटाला कळलं, त्याच्या आधी खरंच कळलं नव्हतं.

दवाखाना माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. भेटायची वेळ सहापर्यंत. बोर्ड खिशात मावतो, कॉलेजचा छोटा पडदा माझ्या कपाटात होता, हेडफोन माझ्या डोक्यावर होते, नेट दवाखान्यात मिळतं. मी पिशवी भरली. बूटसुद्धा घातले. आणि मग दाराशी उभा राहून विचार करत बसलो की तिथे गेल्यावर सांगायचं काय. काल काही ऐकण्यासारखं नव्हतं म्हणालास, मग हे काय? ताई विचारणार. टकटकचा फोन येणार, दोघं बोलणार, ‘पोरीला कान आहे’ कोण म्हणालं ते निघणार. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावजींना कशाला त्रास, असं मी मनाशी म्हणालो. डॉक्टर म्हणालेत ना, कदाचित राहीलही. मग निवांत ऐकवू. दुसऱ्याच्या भल्याच्या नावाखाली स्वतःची कातडी वाचवायची असते तेव्हा किती सुंदर कारणं सुचतात.

सहा वाजले तेव्हा मी बूट काढले.

सोमवारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “गाठ पूर्ण निघाली. नस वाचवता आली नाही.” ताई भिंतीला टेकून उभी राहिली. टकटक थेट स्टेशनवरून आली होती, तिची पिशवी अजून खांद्याला होती. ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “मामा, तू होतास म्हणून तेवढं तरी ऐकलं त्यांनी.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

गुरुवारी दुपारी ताई जरा पाठ टेकायला घरी गेली. वॉर्डात भावजींच्या खाटेशी टकटक आणि मी. भावजी उशीला टेकून बसलेले, डोक्याला पट्टी. त्यांच्याशी बोलायचं ते पुसता येणाऱ्या पांढऱ्या पाटीवर लिहून. त्यांचं बोलणं मात्र तोंडी, आणि आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं. पाणी मागितलं तरी नर्स तीन खाटा पलीकडून दचकायची. कुणी त्यांना हळू बोला म्हणून लिहिलं नव्हतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून.

टकटकने पाटी घेतली. ती चार दिवस या प्रश्नासाठी थांबली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी उठून बाहेर जायचं निमित्त शोधलं, पण सापडलं नाही. तिने लिहिलं, ‘बाबा, डाव्या बुटाची टाच कशी ओळखलीत? मामा म्हणाला.’

भावजींनी वाचलं. कपाळाला आठी पडली. त्यांनी वर बघितलं ते तिच्याकडे नाही, माझ्याकडे. चाळीस वर्षं लोकांची पावलं ओळखणाऱ्या माणसाला माझं तोंड ओळखायला काय वेळ लागणार? मी मान खाली घातली. पाटीवरचं त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, सावकाश, बोट फिरवत.

“चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?” ते तिला म्हणाले.

तिचा चेहरा फुलला. तिने लिहिलं, ‘आणि मला कान आहे असं खरंच म्हणालात?’

या वेळी ते माझ्याकडे बघायलाही थांबले नाहीत. “आहेच मुळी. माझ्यापेक्षा चांगला आहे.”

तिने त्यांचा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही. मग डोळे पुसत म्हणाली, “मामा, मी चहा घेऊन येते,” आणि बाहेर गेली. दार तिच्यामागे अर्धवट लोटलं गेलं.

भावजींनी मला जवळ बोलावलं. त्यांना वाटलं, ते कुजबुजतायत. तोंडाशी हातसुद्धा धरला होता. पण आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला.

“तज्ज्ञ, मी काय ऐकलं ते मला सांग. तिने पुढे काही विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे. आणि हे बघ, पोरीला काही कळू देऊ नकोस.”

मी झटकन बोट ओठांवर ठेवलं. त्यांना वाटलं, मी गप्प राहायचं कबूल करतोय. त्यांनी समाधानाने मान हलवली. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला होता. मी मागे वळून बघितलं. टकटक दारात उभी होती, रिकाम्या हातांनी.

ती पुढे आली नाही. मी पाटी घेतली, कारण दुसरं काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. मी लिहिलं, ‘तुम्ही काहीच ऐकलं नाही. मी ऐकवलंच नाही. माझं यंत्र चाललं नाही आणि मी दोघांशीही खोटं बोललो.’ माझं अक्षर एवढं वाकडं कधी आलं नव्हतं. भावजींनी वाचायच्या आधी ते माझ्या खांद्यावरून टकटकने वाचलं.

“चाललंच नाही?” तिने विचारलं. “अजून पण?”

खोटं बोलायची आणखी एक जागा समोर होती. मी तिथे गेलो नाही. यात मोठेपणा नाही, ताकद संपली होती.

“रविवारी चाललं.”

“कधी?”

“साडेचारला.”

“आणि भेटायची वेळ?”

वेळ तिला माहीत होती, भिंतीवर लिहिलेली होती. ती खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. आता आमच्या दोघांमध्ये भावजी होते. ते एकदा तिच्या तोंडाकडे बघत, एकदा माझ्या.

“काय म्हणतेय ती?” त्यांनी विचारलं. “लिही की. मला कसं कळणार?”

टकटक खिडकीकडे बघत होती. लिहायचं मलाच होतं. मी आधीचं पुसलं आणि लिहिलं, ‘रविवारी साडेचारला चालू झालं. तुम्ही इथे जागे होतात. भेटायची वेळ सहापर्यंत होती. मी आलो नाही.’

त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि त्यातल्या दोन वेळांवर बोट ठेवलं, आधी एकावर, मग दुसरीवर. मी वाट बघत होतो की ते चिडतील. ते चिडले नाहीत.

“दीड तास होता की रे,” ते म्हणाले. पलीकडच्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाठ केली आणि पांघरूण वर ओढलं.